वीरकथा आणि दिलेला शब्द

नाइटांच्या वीरकथांविषयी जे लिहिले जाते त्याचा प्रारंभ बहुधा त्यांच्या मृत्यूपासून होतो. सर्व्हांटिसने १६०५ साली 'डॉन क्विक्झोट'चा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि त्या एका पुस्तकाच्या हास्याने शंभर वर्षे चाललेले वीरकथांचे वेड नाहीसे झाले, हे विधान वाङ्मयाच्या इतिहासांतून पुनःपुन्हा भेटते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्याच्याआड एक प्रश्न झाकला जातो. जे वाङ्मय एका थट्टेने मेले म्हणतात, ते शंभर वर्षे जगले कशावर? राजवाड्यातील राण्यांपासून शेतावरील कापणीच्या मजुरांपर्यंत सर्वांनी ते वाचले किंवा ऐकले, ते केवळ राक्षस, मांत्रिक आणि तलवारींचा खणखणाट ह्यांसाठीच काय? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत, आणि तो करताना त्या थट्टेखोर पुस्तकाचीच साक्ष काढणार आहोत.

प्रथम शब्दाविषयी थोडे. 'नाइट' ह्याला मराठी प्रतिशब्द शोधताना 'शिलेदार' हा शब्द पुष्कळांना सुचतो. स्पॅनिश 'काबायेरो' ह्या शब्दाचा मूळ अर्थ घोडेस्वार असाच असल्यामुळे तो अगदीच गैर नाही. पण शिलेदार म्हणजे पदरचा घोडा आणि पदरची हत्यारे घेऊन चाकरीस राहणारा स्वार. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिराहून तो निराळा, इतकेच. त्याचे नाते वेतनाशी. कथांमधील नाइटाचे नाते व्रताशी असते, आणि ते व्रत त्याला कोणी पगार देऊन पाळायला लावीत नाही. म्हणून आम्ही नाइट हा शब्द तसाच ठेवतो आणि त्याच्या धर्माला वीरव्रत म्हणतो.

ह्या वाङ्मयाचा मेरुमणी म्हणजे 'अमाडिस दे गाउला'. फार दिवस प्रचारात असलेल्या एका कथेवर गार्सी रॉड्रिगेझ दे मॉन्ताल्व्हो ह्याने संस्कार करून तिला चार खंडांचे रूप दिले. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५०८ सालची, सारागोसा येथील आहे. राजा पेरियन आणि राजकन्या एलिसेना ह्यांच्या गुप्त प्रेमातून एक मुलगा जन्मतो. लोकलज्जेस्तव त्याला पेटीत घालून पाण्यावर सोडून देतात. पेटीत त्याच्याबरोबर एक तलवार आणि एक अंगठी ठेवतात. स्कॉटलंडचा एक सज्जन नाइट त्याला वाचवितो. 'सागराचा कुमार' ह्या नावाने तो वाढतो, राजा लिझुआर्तेची कन्या ओरियाना हिच्यावर त्याचे मन जडते, आणि पुढील असंख्य प्रकरणांत तो तिच्यासाठी लढतो, तिच्या एका रागाच्या पत्राने वैरागी होऊन खडकावर जाऊन बसतो आणि पुन्हा लढतो.

पेटीतील ह्या मुलाची कथा वाचताना कर्णाची आठवण न होणारा मराठी वाचक विरळाच. साम्य उघड आहे. परंतु ह्या वाङ्मयाचे मर्म आहे ते भेदात. अमाडिसची अंगठी वेळेवर ओळखली जाते. माता-पिता त्याला जवळ घेतात, कुळ मिळते, नाव मिळते, ओरियानाही मिळते. कर्णाला त्याचे कुळ कळते ते युद्धाच्या तोंडावर, आणि तोपर्यंत त्याने दुर्योधनाला दिलेला शब्द त्या कुळाहून मोठा झालेला असतो. महाकाव्याला हे दोन्ही एकदम धरवत नाही. एक मिळाले की दुसरे जाते. वीरकथा मात्र वाचकाला आश्वासन देते की, जो शब्दाला जागेल त्याची ओळख जगाला पटल्याशिवाय राहणार नाही. हे आश्वासन भाबडे आहे, हे कबूल. पण ते ऐकण्याची भूक भाबडी आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

शब्दाला जागणे हाच ह्या कथांचा कणा आहे असे आम्हांस वाटते. राक्षस आणि मांत्रिक हे त्यावरचे मांस. 'अमाडिस'च्या पहिल्या खंडातील एक प्रसंग पाहा. एक अनोळखी वृद्ध नाइट लिझुआर्तेच्या दरबारी एक अपूर्व मुकुट व एक वस्त्र आणतो आणि ते राजापाशी ठेवून जातो. अट अशी की, राजाने ते परत करावे, नाहीतर तो मागेल ते द्यावे. राजा शब्द देतो. दोन्ही वस्तू नाहीशा होतात. वृद्ध परत येतो आणि ओरियानाला मागतो. भोवतालचे सगळे हळहळतात, परंतु राजा मुलगी देतो. ती मांत्रिक आर्कालाउसच्या हाती पडते आणि मग अमाडिस तिला सोडवून आणतो. आजच्या वाचकाला ह्यात राजाचा मूर्खपणा दिसेल. कैकेयीला दिलेल्या वरांची कथा ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली त्यांना तो तितका मूर्खपणा वाटणार नाही. मागणी काय येणार हे ठाऊक नसताना दिलेला शब्दच खऱ्या कसोटीचा, ही कल्पना ह्या कथांनी शोधून काढलेली नाही. पण तिच्यावर इतक्या आवडीने आणि इतक्या विपुलतेने दुसऱ्या कोणत्याही युरोपीय वाङ्मयप्रकाराने लिहिलेले नाही.

आता ऐकणाऱ्यांकडे वळू. 'डॉन क्विक्झोट'च्या पहिल्या भागातील बत्तिसाव्या प्रकरणात खानावळीचा मालक सांगतो की, सुगीच्या दिवसांत सुटीच्या दिवशी कापणीचे पुष्कळ मजूर त्याच्याकडे जमतात. त्यांत एखादा वाचता येणारा असतोच. तो पुस्तक हाती घेतो आणि तीसांहून अधिक माणसे त्याच्याभोवती बसून तल्लीन होतात. मालकाला त्यातल्या त्यात तलवारीचे घाव आवडतात. त्याच्या बायकोला नवरा ऐकण्यात गुंग होऊन भांडायचे विसरतो म्हणून ही पुस्तके प्रिय आहेत. मोलकरणीला संत्र्याच्या झाडाखाली प्रियकराच्या मिठीत असलेल्या नायिकांचे प्रसंग गोड लागतात, तर मालकाच्या मुलीला विरहात नाइट जे विलाप करतात ते ऐकून रडू येते. वाचकांच्या रुचीविषयी ह्याहून नेमके निरीक्षण आम्हांला कोणत्याही समीक्षाग्रंथात आढळलेले नाही. श्रीधराचा 'पांडवप्रताप' चातुर्मासात ज्यांनी ओसरीवर बसून ऐकला आहे त्यांना ही बैठक परकी वाटणार नाही. तेथेही पोथी एकच असे आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाचा अध्याय वेगळा असे. ध्यानी घेण्यासारखे हे की, सर्व्हांटिस ह्या माणसांना हसत नाही. तो त्यांना बोलू देतो.

हसणारे आणि रागावणारे दुसरे होते. विव्हेस ह्या विद्वानाने १५२४ साली प्रसिद्ध झालेल्या स्त्रीशिक्षणावरील ग्रंथात ह्या कथांवर कठोर टीका केली. १५३१ साली स्पेनच्या राजसत्तेने अशी पुस्तके अमेरिकेतील वसाहतींत नेण्यास मनाई केली. १५५५ साली व्हायादोलिद येथे भरलेल्या प्रतिनिधिसभेने तर ती जाळावीत अशी राजाकडे मागणी केली. ह्या सर्वांचा मुख्य आक्षेप एकच: हे खोटे आहे, असे कधी घडले नाही, घडणार नाही. आपल्याकडेही हाच आक्षेप आला. 'मुक्तामाला' १८६१ साली, 'मंजुघोषा' १८६८ साली प्रसिद्ध झाली, आणि १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी नावल व नाटक ह्यांवरील आपल्या निबंधात असल्या असंभाव्य रचनांचा समाचार घेतला. तो निबंध मराठी समीक्षेच्या आरंभीच्या लेखनात मानाचा आहे आणि त्यातील तक्रार त्या काळी आवश्यकही होती. परंतु त्यामुळे आपल्या समीक्षेला एक सवय जडली. अद्भुत कथा समोर आली की, 'हे शक्य आहे काय?' एवढेच आपण विचारतो. मुलाच्या दप्तरात गोष्टीचे पुस्तक सापडले म्हणून शाळेत तक्रार घेऊन येणारे पालकही तेच विचारतात. आमच्या मते विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे: ह्या कथेतील वीर आपला शब्द कोणाला देतो, आणि कोणाला देत नाही?

ह्या प्रश्नाने 'अमाडिस'कडे पाहिले की त्याचे वर्तुळ एकदम लहान दिसू लागते. तेथे शब्द दिला जातो तो राजाला, नाइटाला, कुलीन स्त्रीला. शेतकरी ह्या जगात जवळजवळ नाहीतच. मॉन्ताल्व्होने अमाडिसच्या मुलावर जी पुढची कथा रचली, 'एस्प्लांदियान', तिची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती १५१० सालची. तिच्यात वीरव्रताचा रोख सरळ परधर्मीयांविरुद्ध वळविलेला आहे. ह्याच पुस्तकात कालाफिया राणीचे कॅलिफोर्निया नावाचे काल्पनिक बेट आहे, आणि ते नाव पुढे स्पॅनिश दर्यावर्द्यांनी अमेरिकेच्या खऱ्या किनाऱ्याला दिले. कोर्तेसबरोबर १५१९ साली मेक्सिकोत गेलेला बेर्नाल दियास हा शिपाई पाण्यावर उभी असलेली ती नगरी पाहून 'अमाडिस'मधील जादूची आठवण झाल्याचे लिहितो. ती नगरी पुढे दोन वर्षांत उद्ध्वस्त झाली.

ही पुस्तके माणसांना कोठे कोठे घेऊन गेली ह्याचा दुसरा दाखला इग्नेशियस लॉयोलाचा. १५२१ साली पांप्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडल्या पडल्या त्याने वीरकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे देण्यात आली. पुढच्या वर्षी माँसेरात येथे जाऊन त्याने नाइट होण्यापूर्वी शस्त्रांपुढे जागरण करतात तसे मेरीच्या मूर्तीपुढे रात्रभर जागरण केले. त्याच प्रवासातील एक प्रसंग त्याच्या आत्मकथनात आहे. वाटेत खेचरावरून चाललेल्या एका मूराशी मेरीच्या कौमार्यावरून त्याचा वाद झाला. मूर पुढे निघून गेला, आणि मागे राहिलेल्या लॉयोलाला वाटू लागले की, आपल्या स्वामिनीच्या मानासाठी त्याला गाठून खंजिराने भोसकणे हे आपले कर्तव्य आहे. निश्चय होईना, तेव्हा त्याने नाटेवर आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला. ते गावाच्या वाटेने गेले तर मूराला मारायचे, हमरस्त्याने गेले तर सोडायचे. खेचर हमरस्त्याने गेले. वाट जनावरावर सोपविण्याची ही रीत नाइटांचीच. डॉन क्विक्झोटही तेच करतो. ह्या लॉयोलाने स्थापिलेल्या संघाला १५४० साली पोपची मान्यता मिळाली आणि त्या संघाचा फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरला. त्या मूराचे प्राण एका खेचराच्या मर्जीने वाचले, शब्दाने नव्हे. मूराला दिलेला शब्द असे काही त्या व्रतात नव्हतेच.

गोव्याचे नाव आलेच आहे, तर पोर्तुगीजांकडेही पाहिले पाहिजे. आशियातील पोर्तुगीजांच्या पराक्रमांचा मोठा इतिहासकार जुआंव दे बार्रूश. त्याच्या 'दशकां'चा पहिला खंड १५५२ साली निघाला. पण त्याच्या तीस वर्षे आधी, १५२२ साली, त्याने 'क्लारिमुंदो' ही वीरकथा प्रसिद्ध केली होती. भारतात तो कधी आला नाही. लिस्बनमध्ये भारताच्या व्यापाराचा कारभार पाहत त्याने इतिहास लिहिला. ज्या हाताने आधी वीरकथा लिहिली त्याच हाताने हा इतिहास लिहिला, हे वाचताना विसरून चालणार नाही.

कामोंइश मात्र १५५३ साली स्वतः भारताकडे निघाला आणि गोव्यात राहिला. १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑस लुझियादस'च्या आरंभी तो बजावतो की, आपला विषय खरा आहे, काल्पनिक ओर्लांदो आणि रोदोमोंत ह्यांची कर्तबगारी त्यापुढे फिकी आहे. असे असूनही सहाव्या सर्गात, वास्को द गामाची गलबते भारताच्या समीप आली असता, रात्रीच्या पहाऱ्यावर झोप येऊ नये म्हणून खलाशी काय ऐकतात? वीरकथाच. लिओनार्दोला प्रेमाची गोष्ट हवी असते. व्हेलोझो म्हणतो, ही वेळ कोमल गोष्टींची नाही, आणि बारा पोर्तुगीज नाइटांची कथा सुरू करतो. इंग्लंडच्या बारा स्त्रियांचा दरबारी लोकांनी अपमान केलेला असतो. त्यांच्या हाकेला ओ देऊन हे बारा जण समुद्रापार जातात, आणि जमिनीच्या वाटेने गेलेला माग्रिसो अगदी ऐन घटकेला रणांगणात हजर होतो. कथा रंगात येते तोच वादळ उठते. वादळ निवळल्यावर कालिकतचा किनारा दिसतो. येथे कवीची एक खोच आहे. हा व्हेलोझो म्हणजे पाचव्या सर्गात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लोकांना भिऊन टेकडीवरून धावत सुटलेला तोच मनुष्य. शूरांची गोष्ट सांगण्याचे काम कामोंइशने पळालेल्याकडे दिले, ही त्याची विनोदबुद्धी आम्हांस फार मोलाची वाटते. मात्र ज्या किनाऱ्याकडे ती गलबते चालली होती तेथील माणसांना त्या बारा स्त्रियांच्या पंक्तीत स्थान नव्हते. १५१० साली आल्बुकेर्कने गोवा दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा शहरातील मुसलमानांची जी सरसकट कत्तल झाली, तिची हकीकत त्याने स्वतःच अभिमानाने राजाला लिहून कळविली. छापील 'अमाडिस' तेव्हा दोन वर्षांचे होते.

ह्या पार्श्वभूमीवर सर्व्हांटिसकडे परत यावे. हा मनुष्य १५७१ साली लेपान्तोच्या आरमारी लढाईत लढला. त्याचा डावा हात तेथे निकामी झाला. १५७५ ते १५८० अशी पाच वर्षे तो अल्जीयर्स येथे कैदेत होता. पराक्रम म्हणजे काय आणि शब्द मोडला म्हणजे काय होते, हे त्याला पुस्तकांतून शिकायचे नव्हते. त्याच्या सहाव्या प्रकरणात गावचा पाद्री आणि न्हावी मिळून क्विक्झोटची पुस्तके तपासतात आणि अंगणात जाळण्यासाठी फेकतात. पण 'अमाडिस' ते वाचवितात, 'इंग्लंडचा पाल्मेरिन' वाचवितात, आणि 'तिरांत' हे पुस्तक पाद्री तोंड भरून वाखाणतो, कारण त्यातले नाइट जेवतात, झोपतात, बिछान्यात मरतात आणि मरण्यापूर्वी मृत्युपत्र करतात. एस्प्लांदियान मात्र सर्वांत आधी खिडकीतून जातो. ही निवड सहज झालेली आहे असे आम्हांस वाटत नाही.

आणि मग आंद्रेस. चौथ्या प्रकरणात रानातून कोणाच्या तरी विव्हळण्याचा आवाज येतो. पंधरा वर्षांचे एक धनगराचे पोर कमरेपर्यंत उघडे करून ओकच्या झाडाला बांधले आहे आणि त्याचा धनी त्याला पट्ट्याने मारतो आहे. मुलगा मेंढ्या हरवितो, असे धन्याचे म्हणणे. नऊ महिन्यांचा पगार बुडवायचा आहे, असे मुलाचे. क्विक्झोट भाला रोखून हिशेब मागतो. जोड्यांचे आणि रक्त काढविल्याचे पैसे वजा करावेत, असे धनी म्हणतो. क्विक्झोटचे उत्तर असे की, त्याने तुझ्या जोड्यांचे कातडे फाडले असेल, तर तू त्याच्या अंगाचे फाडले आहेस, फिटंफाट झाली. धनी घरी जाऊन पै न्‌ पै देण्याची शपथ घेतो. हा काही नाइट नव्हे, हा श्रीमंत हुआन हाल्दुदो आहे, असे मुलगा ओरडून सांगतो. क्विक्झोट म्हणतो, त्याने काय झाले, हाल्दुदोही नाइट असू शकतात. मनुष्य आपल्या कृतींनी ठरतो. एवढे बोलून तो समाधानाने निघून जातो, आणि धनी मुलाला पुन्हा झाडाला बांधून अर्धमेला होईपर्यंत मारतो.

हा प्रसंग वर्गात वाचून दाखविला की मुले आधी हसतात आणि मग एकाएकी गप्प होतात, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. ह्या गप्प होण्यातच त्या पुस्तकाचे सगळे वजन आहे. एकतिसाव्या प्रकरणात आंद्रेस पुन्हा भेटतो. क्विक्झोट आपल्या पराक्रमाचा साक्षीदार म्हणून त्याला सर्वांपुढे उभा करतो आणि मुलगा खरे सांगून टाकतो. जाताना तो बजावतो की, माझे तुकडे होताना दिसले तरी पुन्हा मला वाचवायला येऊ नकोस. त्याला खायला लागते. सांचो त्याला भाकर आणि चीज देतो.

येथे कोणी म्हणेल की, वीरव्रताचा ह्याहून मोठा धिक्कार कोणता? मुलाला मार बसला तो क्विक्झोटच्या शब्दाने. हे खरे आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून क्विक्झोटला संत ठरविणारे जे लेखन होते ते आम्हांस मानवत नाही. सर्व्हांटिसला त्याचे हसू येते आणि ते हसू निर्मळ आहे. पण ह्या वेड्याने अमाडिसच्या व्रताला काय केले तेही पाहिले पाहिजे. अमाडिसने एका धनगराच्या पोराच्या नऊ महिन्यांच्या पगारासाठी भाला उचलला असता काय? राजसभेत फिरणारा शब्द ह्या पन्नाशीच्या गरीब जमीनदाराने रस्त्यावर आणला. तो धनगराला दिला, साखळदंडांतील कैद्यांना दिला, खानावळीतील मोलकरणीला राजकन्या समजून दिला. कैद्यांनी सुटताच त्याला दगड मारले. वर्तुळ मोडले की असे हसे होते, हे सर्व्हांटिसला ठाऊक होते. तरी त्याने क्विक्झोटला त्या वर्तुळात परत पाठविले नाही. वसाहतींकडे गेलेल्या वीरव्रताशी हे ताडून पाहिले म्हणजे वेडा कोण ह्याविषयी आपला निर्णय डळमळू लागतो.

दुसरा भाग १६१५ साली आला. त्याच्या शेवटच्या प्रकरणात क्विक्झोट तापातून शुद्धीवर येतो, आपले खरे नाव आलोन्सो किहानो असे सांगतो आणि वीरकथा खोट्या होत्या असे म्हणतो. वीरकथा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे अशा पुरुषाशी भाचीने लग्न केले तर तिला वारसा मिळू नये, असेही तो लिहून ठेवतो. टीकाकार ह्या कलमाकडे बोट दाखवितात. मृत्युपत्राचे पहिले कलम मात्र सांचोविषयी आहे: त्याच्यापाशी जे पैसे आहेत त्यांचा हिशेब मागू नये, देणे फेडून उरेल ते त्याचेच. ज्याला बेटाचे राज्य देण्याचा शब्द दिला होता आणि ज्याला ते सरदारांच्या थट्टेपुरतेच मिळाले, त्या सांचोची तो क्षमा मागतो. आणि सांचो, ज्याने सर्व पराभव डोळ्यांनी पाहिले, तो रडत रडत त्याला म्हणतो की, मरू नका, उठा, आपण धनगर होऊन रानात जाऊ. कागद लिहिणारा लेखनिक म्हणतो की, नाइट असा शांतपणे बिछान्यात मेल्याचे कोणत्याही वीरकथेत आपण वाचलेले नाही. 'तिरांत' त्याने वाचले नसावे.

ह्या सगळ्या दुःखात, तीन दिवस घरात भाची जेवत होती, कारभारीण प्याला उचलीत होती, आणि सांचोही पुष्कळसा आनंदात होता. कारण, सर्व्हांटिस सांगतो, काहीतरी वारशाने मिळणार असले की मेलेल्याचे दुःख थोडे हलके होते.